सरांनी दिलेली शिट्टी

"रख ले. तेरी हुई."

सर एवढं बोलले आणि एक पाऊल मागे सरले. मी पुढे केलेल्या हातातली शिट्टी त्यांनी घेतलीच नाही.

मी चौदा वर्षांची होते. भिलाईतल्या आमच्या सेक्टरच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर त्या दिवशी आमच्या कोच सरांनी गळ्यातली शिट्टी काढून मला दिली होती. लहान मुलींच्या मॅचला पंच हो, म्हणाले. झाले. फाऊल दिले, भांडणं मिटवली. आणि वर शिट्टी बक्षीस! हरखून गेले मी. घरापर्यंत वाजवत गेले.

आई तांदूळ निवडत होती.

"कावून देली तुले?"

"मी चांगलं काम केलं म्हणून."

"तुमच्या टीममंधल्या मृणालनं वाजवली तं तिलेही देऊन टाकते का तो? उद्या नीट पाह्यजो."

मला आईचा रागच आला. बाबा विदर्भातून येऊन स्टील प्लांटमध्ये लागलेले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि आईचा हा कायमचा संशय. कोणी काही चांगलं केलं की हिला खुपतं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या गळ्यात नवी कोरी शिट्टी होती. ती त्यांनी मृणालला दिली. मृणाल शेजारच्या दुर्गमधल्या पद्मनाभपुरातली, सरांच्या ओळखीतल्या घरातली. तिने मॅच संपवली, शिट्टी परत केली. सरांनी ती शर्टाला पुसली आणि तोंडात घातली.

मग एकेक आठवत गेलं. पहिल्या दिवशी सर माझ्याशी मराठीत बोलले होते. मग आडनाव विचारलं. त्यानंतर कायम हिंदी. मृणालशी मात्र मराठीच. तिची पाठ थोपटायची, मला लांबून शाबाशी. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला दिसत नव्हतं. लाज मला वाटली, त्यांना नाही. याचाच मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

शिट्टी फेकली नाही. डब्यात ठेवली. खेळत राहिले, कोच झाले. कॉलेजच्या मुलींची टीम हातात घेतली, ती जिंकायला लागली. लोक मान द्यायला लागले आणि मी प्रत्येक मान उलटा करून बघायला लागले. चहा सगळ्यांसारख्याच कपात आला का? गुच्छ देताना बोटं का आखडली? नवरा म्हणतो, इतका संशय बरा नाही. नसेल बरा. पण तो मी घरातून घेऊन बाहेर पडले नव्हते, तो मला कोर्टावर मिळाला.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा ट्रॉफी आणली. कॉलेजात सत्कार ठरला, पाहुणे म्हणून सरांना बोलावलं. त्यांनाच का? मी शिट्टी पर्समध्ये घालून गेले.

माइकवर सर म्हणाले, "इसको पहली सीटी मैंने दी थी. अपने गले से उतारकर."

टाळ्या. समोरच्या रांगेत माझ्या मुली. पावर हाउसच्या वस्तीतून ऑटोने येणारी माझी कॅप्टन सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. चौदाव्या वर्षी मी घरापर्यंत जशी खूश होते, अगदी तशी. तिथे माझं डोकं फिरलं.

उठले, माइकपाशी गेले, शिट्टी काढून जोरात वाजवली. टाळ्या थांबल्या. मग ती सरांपुढे धरली आणि मराठीत बोलले.

"सर, तुमची शिट्टी. त्या दिवशी तुम्ही परत घेतली नाही. मृणालकडून घेतली, शर्टाला पुसून तोंडात घातली. आज माझ्याकडून घ्या. वाजवा."

सर हसले. हात मागेच.

"अरे, रख ले," म्हणाले. "तेरी ही है."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. प्राचार्यांनी घाईघाईने चहा जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला कॅप्टनने विचारलं, "मॅम, बुजुर्ग आदमी थे. क्यों बोला?" मी सगळ्या मुलींना कोर्टावर बसवून सांगितलं, आडनावापासून.

आता टीमला एकच शिट्टी. तीच. मुली आळीपाळीने पंच होतात, शिट्टी परत आणून देतात. मी ती शर्टाला पुसते आणि तोंडात घालते. जिला ती तोंडाला लावणं जड जाईल, तिला माझ्या टीममध्ये जागा नाही. मग ती कोणाचीही मुलगी असो, कितीही बास्केट टाको. आणि शिट्टी पुढे केली की मी चेहरा बघत नाही. हात बघते.