जित्या माणसाचा फ्लेक्स

माझ्या पिक्चरचा प्रोड्यूसर मी, डायरेक्टर मी आणि नटांना दौंड स्टेशनवरून न्हावऱ्याला आणणारा ड्रायव्हरही मीच. त्यामुळे घोळ झाला की शिव्या घालायला दुसरं कुणी सापडत नाही. पण त्या फ्लेक्सचा घोळ नेमका कुणाचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

पिक्चरमध्ये एक म्हातारा मरतो. तो पडद्यावर दिसत नाही, फाट्यावर लागलेला त्याचा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स तेवढा दिसतो. त्यासाठी फोटो हवा होता. जित्या माणसाचा फोटो असल्या कामाला कोण देणार? ज्याला विचारावं तो म्हणे, “काय अभद्र बोलताय राव!” शेवटी ज्यांच्या गोठ्यापुढं आमचं शूटिंग चालू होतं ते आप्पाच म्हणाले, “माझा घ्या की. फेट्यातला हाय, झकास.”

मी खूश. पण त्यांनी एक अट घातली. फ्लेक्सवर खाली ‘शोकाकुल’ म्हणून जी नावं असतात, त्यात पहिलं नाव पाटसला राहणाऱ्या धाकट्या भावाचं पाहिजे. आता या दोघांचं बांधावरून फाटलेलं. बोलणं तर सोडाच, एकमेकांच्या पोरींच्या लग्नालाही गेलेले नाहीत. मी म्हटलं, “आप्पा, खोटी नावं टाकू.” तर भडकलेच. “फोटो खरा आन् नावं खोटी? मग ऱ्हाऊंद्या!” म्हटलं, जाऊ दे, ती बारीक अक्षरं कॅमेऱ्यात दिसणार कुठं?

फाट्यावर फ्लेक्स बांधेपर्यंत उजेड गेला, म्हणून शॉट सकाळवर ढकलला. मी फ्लेक्स उतरवायला निघालो, तर आप्पा म्हणाले, “असूंद्या की. कोण खातंय त्येला?” मला काय, पुन्हा बांधायचा वैताग वाचला.

सकाळी कॅमेरा फ्लेक्सवर लावून चालू केला आणि तेवढ्यात एक जीप आली. तोंडाला टॉवेल लावलेला माणूस उतरला, फ्लेक्सपाशी गेला आणि खाली बसून मोठ्यानं रडायलाच लागला. “आरं दादा, एक डाव हाक तरी मारायची व्हतीस रं!” हाच तो पाटसचा धाकटा भाऊ. कुणीतरी फ्लेक्सवर ‘शोकाकुल’खाली त्यांचं नाव वाचून त्यांनाच फोन केला होता.

आप्पा पलीकडच्या टपरीवर चहा पीत होते. ते उठले, पुढं आले. “आरं, मी हितं हाय.”

भावानं त्यांच्याकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं, मग माझ्याकडं. “शूटिंग हाय व्हय?” मी कॅमेरा बंद करायला धावलो. “मला रडाया लावून पिक्चर काढताय?” त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, जीपमध्ये बसले आणि गेले. आप्पांनी एक हाक मारली, पण जीप थांबली नाही.

मला काही सुधरेना. माफी मागायची तर कुणाची? मी आप्पांवरच उखडलो. “तुम्हाला माहीत होतं ना, ते येणार म्हणून?”

“न्हाई वो. येतोय का न्हाई, तेच तर बघायचं व्हतं.”

मला संताप आला, आणि त्यांची कीवही. म्हटलं, बघा मग, आणि कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालेलं दाखवलं. “परत लावा,” म्हणाले. परत लावलं. कॅमेऱ्यात भाऊ रडत होते आणि आप्पा लहान पोरासारखे हसत होते. “आला बगा! गाडी करून आला!”

मग हसू विरलं. माझा हात धरून म्हणाले, “डायरेक्टर, आता मी खरंच गेलो, आन् त्येला फोन गेला, तर येईल का वो त्यो? का म्हणंल, पुन्हा शूटिंग असंल?”