पेडण्यातलं वैद्यांचं गवताने शाकारलेलं घर

सहलीला जावं एवढं त्राण खरं तर दोघांतही नव्हतं. मी डिचोलीच्या एका इस्पितळात नर्स आहे. लागोपाठच्या दुहेरी ड्युट्यांनी अंग आंबून गेलं होतं. माझा नवरा दिगंबर शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला आणि दोन वर्षं तो घरी बसून होता. विचारलं तेवढ्यापुरतंच बोलायचा. एप्रिलमध्ये मला तीन दिवस रजा मिळाली तेव्हा मीच म्हटलं, "चल, कुठेतरी जाऊन पडूया." तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी पिशवी भरली.

आमच्या मयेहून डिचोली, मग म्हापसा, मग पेडणे, अशा तीन बस. म्हापशाला पाव आणि पातळ भाजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. पेडण्याच्या बाजारातून रिक्षा मिळते, पण शेवटचा चढ पायीच. पायात बूट हवेत. मी चपलांनी गेले आणि पस्तावले.

हे घर गोवामुक्तीच्या कितीतरी आधी एका वैद्यांनी बांधलं. मातीच्या भिंती, वर जाड गवताचं छप्पर, इतकं खाली उतरलेलं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बरा झालेला माणूस घरी जाताना इथे एक झाड लावून जायचा म्हणे. बेहडा, अर्जुन, सातवीण, भिरंड. आता त्याला बाग म्हणावं की रान, ठरत नाही. भर दुपारीही तिथे ऊन खाली पोचत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धं छप्पर उघडं होतं. वैद्यांच्या नातसून सुलभाताई, वय साठीचं, त्याच आता इथे पाहुणे ठेवतात, अंगणात कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "येऊ नका म्हणून फोन करणारच होते हो. शाकारणीला तिघे येणार होते. एकटा रामाच आला."

एकट्याने काय होणार, म्हणून शिडीवरून रामाही ओरडला, "एकल्यान कितें जातलें, बाये?"

मागची खोली शाकारून झाली होती. मी तिथे आडवी झाले ती थेट चार वाजता उठले. बाहेर आले तर दिगंबर छपरावर! रामा खालून गवताच्या पेंढ्या फेकत होता आणि हा सुंभाने त्या बांबूंना आवळत होता.

"खाली उतर! पडलास तर?"

"बापाशीबरोबर केलंय ह्यां. येता माका."

सावंतवाडीकडचं त्याचं लहानपण असल्याच घरात गेलेलं. मला ते माहीत होतं, पण कधी आठवलं नव्हतं.

दिगंबर छपरावरच, म्हणून दुसरा दिवस मी झाडांखाली एकटीने काढला. पेज, कैरीचं लोणचं, सोलकढी. दोन दिवस राहण्या-जेवणाचे दोघांचे दोन हजार ठरले होते, सुलभाताई घेईनात. मी बळेच ठेवले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. आम्ही दोघं म्हणून आलो होतो ना?

संध्याकाळी सुलभाताई म्हणाल्या, "ही शेवटची शाकारणी. पुढच्या वर्षी पत्रे घालते. माणसं नाहीत, गवत नाही, आणि माझ्याच्यानेही होत नाही आता." दिगंबर हात धूत होता.

सकाळी मी निघाले तर म्हणतो, "तू जा गो. मी हयच रवतंय."

"अरे, पुढच्या वर्षी काढणारच आहेत ते गवत!"

"तां पुढल्या वर्षी. ह्या पावसात ती बाई खंय रवतली?"

तीन बस बदलून मी एकटीच परतले. प्रत्येक बसमध्ये डुलक्या काढल्या.

तो नवव्या दिवशी आला. गवताने दोन्ही तळहात कापलेले. काम काही मिळालेलं नाही त्याला, अजूनही नाही. तुम्हाला ते घर गवताखाली बघायचं असेल तर यंदाच जा, एवढं नक्की सांगते.

तो आला त्या दिवशी मी ड्युटीवरून येऊन जेवायला बसले आणि तो सांगायला लागला. कोपऱ्यावर गवत कसं वळवायचं, पाणी कुठून आत शिरतं, रामाची बायको काय म्हणाली. मला ऐकायचं होतं, पण डोळे मिटत होते. तिथेच भिंतीला टेकून मी झोपले. तो बोलतच होता.