सकाळी सहा ते सात

आमच्या घरात सकाळी सहा ते सात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. बेल ऐकू यायला हवी ना! माझी धाकटी बहीण थाळीफेक करते. देशाकडून खेळणाऱ्यांच्या यादीत नाव आलं आणि तो तास तिचा राहिला नाही. त्या वेळी ती कुठं असेल ते ॲपवर आधीच कळवायचं. उत्तेजकांची तपासणी करणारे केव्हाही येतात, लघवीचा नमुना नेतात. फोन करून येत नाहीत. सावध करायचं नाही, हाच तर नियम. देशानं जगाला शब्द दिलाय म्हणे. तो पाळायची पाळी औरंगपुऱ्यामागच्या आमच्या दोन खोल्यांवर आली.

वर्षभरात तीनदा सापडली नाही, की काही घेतलेलं नसलं तरी दोन वर्षं मैदान बंद. तिचं दोनदा झालं होतं. एकदा ॲपवरचा पत्ता बदलायचा राहिला, एकदा बेलच बिघडली. तेव्हापासून मला त्या बेलची भीती वाटायची, वाजली तरी आणि नाही वाजली तरी.

त्या दिवशी आई अजिंठ्याकडं, गावी, धाकट्या मामीच्या बाळंतपणाला गेलेली. सोबतीला थोरला मामा आदल्या दुपारीच आला होता. त्यानं जन्मभर शेरडं राखली. बेल वाजली की धाकटीच पळायची, त्यामुळं त्याला काही सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझी वाळूजला रात्रपाळी होती. धाकटीला संध्याकाळपासून ताप. मामानं काढा उकळला, तर तिनं तोंडाला लावला नाही. विचारल्याशिवाय ती खोकल्याची बाटलीही उघडत नाही.

"मी काय इख देतो का तुला?" मामा रुसलाच.

सकाळी कंपनीच्या बसमधून उतरले, तर गल्लीच्या तोंडाशी तपासणीच्या त्या बाई आणि एक माणूस गाडीत बसताना दिसले. हातात ती नेहमीची पेटी. मला इतकं हायसं वाटलं की कोपऱ्यावरून गरम पोहे बांधून घेतले. बाईंनी मात्र बघून न बघितल्यासारखं केलं.

दाराला आतून कडी होती. माझा आवाज ओळखून मामानं उघडलं.

"लई चिवट माणसं, माय. पोरीचं नाव घेऊन विचारीत होते. काम काय, ते सांगंनात. म्हणलं, नाय ती इथं, गावाला गेली."

आमच्याकडं तरण्या पोरीला परका माणूस भल्या सकाळी नाव घेऊन विचारायला आला, तर ती घरात नसतेच. आत झोपलेली असली तरी नसते. राग तर असा आला, पण ओरडावं कुणावर?

"तासभर लिंबाखाली बसले, पुन्यांदा आले. दारातल्या बुटाकडं बघत होते. एवढाले बूट! त्यांच्यासमोर उचलून आत टाकले न् कडी घातली." मामा खुशीत होता.

धाकटीचे बूट कोपऱ्यात पडले होते. आता खुलासा म्हणून आम्ही काय लिहून देणार? मामा खोटं बोलला, आम्हाला ठाऊक नव्हतं? लपवली, असंच कुणीही म्हणेल. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

आतल्या खोलीत पलंग करकरला. ताप उतरला असावा, आवाज मोकळा होता. उठल्याउठल्या ती रोज विचारते तेच तिनं विचारलं.

"ताई, आलं होतं का कोणी?"

"व्हय," मामाच बोलला. "नीज तू निवांत. पुन्हा नाय येणार ते."