गळ्यावरचा हात

अमरसिंग राठोडची काळीपिवळी जीप दारव्हा आणि बोरी अरबच्या मधे धावायची. बोरीजवळच्या तांड्यात त्याचं घर. गाडी जुनी, हॉर्न बसलेला, पण बाईमाणसाला टेकायला जागा झाल्याशिवाय तो गिअर टाकत नसे. भांडखोर म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हतं.

कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग मुक्कामाला पडलेली. एके सकाळी नागपूरहून एका वृत्तवाहिनीची बातमीदार आली, उर्वशी तिचं नाव. सोबत कॅमेरावाला. तिने अमरसिंगची जीप ठरवली आणि तो दोघांना केंद्रावर घेऊन गेला.

तिथे ‘आज काटा बंद’ असं सांगून फाटक लावलेलं होतं. कोणीतरी दगड मारला. मग ऑफिसच्या काचा फुटल्या, मग काठ्या सुरू झाल्या. म्हातारी माणसं गाड्यांखाली शिरली तर पोलिसांनी त्यांना पाय धरून ओढून काढलं. एका ट्रॉलीतला कापूस पेटला. धुरात इंद्रजित नावाचा एक तरुण शिपाई बाकीच्यांपासून तुटला आणि दोन बैलगाड्यांच्या मधे पडला. पडताना मानेत काच घुसली होती. चार-पाच जण दांडकी घेऊन त्याच्यावर तुटून पडले. सगळ्यात पुढे अमरसिंगच्याच तांड्यातला रामलाल.

अमरसिंग जीपजवळून धावला. “रामलाल, सोड! मरते ना तो!”

“मरू दे! माह्या भावाचं टकुरं फोडलं यानं!”

खरंच होतं ते. रामलालचा थोरला भाऊ रामधन फाटकाशी डोकं धरून बसला होता आणि बोटांतून रक्त गळत होतं. तरी अमरसिंग त्या शिपायावर आडवा पडला. खांद्यावरचा दुपट्टा गोळा करून त्याने मानेच्या जखमेवर दोन्ही हातांनी दाबला. रामलालचं दांडकं त्याच्या पाठीत बसलं. बरगडी मोडल्याचा आवाज त्यालाच ऐकू आला. दुसऱ्यांदा दांडकं वर गेलं तेव्हा गोळी सुटली.

रामलाल त्याच्या पायांवर कोसळला. छातीतून रक्त उसळत होतं, तोंडाची उघडमीट होत होती. अमरसिंगने एक हात काढून त्याला धरायला पाहिलं, तसं शिपायाच्या मानेतून पिचकारी उडाली. त्याने हात परत तिथेच ठेवला. रामलाल त्याच्याकडे बघत मेला.

कॅमेरावाला तेव्हा अमरसिंगच्याच जीपच्या टपावर उभा होता.

संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. खाली पडलेला शिपाई, त्याच्या छातीवर ओणवा झालेला माणूस, गळ्यावर दोन हात. अमरसिंगच्या तोंडाभोवती लाल गोल काढलेला. ‘हाच तो हल्लेखोर!’ दर थोड्या वेळाने तेच. रामलाल मेल्याची बातमी पडद्याच्या तळाशी सरकत होती, नाव चुकीचं लिहिलेलं.

पोलीस आले तेव्हा अमरसिंगची बायको रुक्माबाई त्याच्या पाठीला हळद लावत होती. त्यांनी तिला लाथेने बाजूला सारलं आणि मोडलेल्या बरगडीवरच पहिली काठी घातली. कोठडीत त्याला उलटा टांगून तळव्यांवर मारलं. “टीव्हीवर दिसून राह्यलं सारं, आन् तू नाही म्हणतं?” एका थपडेने त्याच्या डाव्या कानातून रक्त आलं. तो कान पुढे कायमचा गेला.

तांड्यात मात्र त्याचा फलक लागला होता. ‘शेतकऱ्यांचा वाघ.’ ज्यांनी केंद्रावर पाहिलं होतं तेही गप्प बसले. वाघ सगळ्यांनाच हवा होता.

इंद्रजित वाचला. बोलता यायला लागलं तसं त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं, की तो माणूस दाबून बसला नसता तर मी मेलो असतो. अमरसिंग सुटला. वाहिनीने लाल गोल काढून टाकला आणि तेच चित्र पुन्हा सुरू केलं. आता खाली लिहिलं होतं, ‘खाकीचा देवदूत’. आधी काय दाखवलं होतं त्याचा एक शब्द नाही.

उर्वशीने त्याला बोलतं करायला माईक धरला. तो म्हणाला, “मी सांगतो, पण रामलालचं नाव नीट घ्या ताई. तो चोर नोहता. अन् त्याले गोळी कोनं मारली थे इचारा.”

प्रसारित झालं तेव्हा एवढंच राहिलं होतं: “मी सांगतो.”

त्याच आठवड्यात भरदुपारी रामधनने अमरसिंगची जीप पेटवली. डोक्याचे टाके अजून ओले होते. अमरसिंग धावत गेला तर रामधनने कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या मांडीवर हाणला. “माहा भाऊ तुह्या पायावर मेला! तुले शिपाई जवळचा वाटला काय रे?”

अमरसिंगने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात पडले. मग दोघं जळत्या जीपसमोर धुळीत एकमेकांना मारत राहिले आणि शेवटी बायकांनी त्यांना सोडवलं. अमरसिंगने तक्रार केली नाही. दुसऱ्याची गाडी रोजाने चालवू लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी उर्वशी पुन्हा आली. या वेळी तिला रामलालची बायको मानीबाई हवी होती. अमरसिंगला रस्त्यात गाठून तिने सोबत नेलं. “दादा, आधी जे गेलं ते डेस्कवरून गेलं, माझ्या हातात नव्हतं. आता मला चांगलं काही दाखवायचंय. तुम्ही दोघं एकत्र, समेट.”

अंगणात मानीबाई बसली होती. कॅमेरावाल्याने अमरसिंगला तिच्या पायाशी बसवलं. मानीबाई रडली नाही. तिला कधी बाहेर रडताना कोणी पाहिलं नव्हतं.

“ताई, रामलालभाऊंना आठवा जरा,” कॅमेरावाला म्हणाला. तोंड नीट दिसावं म्हणून त्याने तिच्या डोक्यावरची ओढणी मागे सारली.

अमरसिंग उठला, गाडीतून टॉमी, जॅक फिरवायची लोखंडी कांब, आणली आणि कॅमेऱ्यावर घातली. काच उडाली. कॅमेरावाला आडवा आला तेव्हा दुसरा घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडलं. उर्वशी किंचाळली, “दादा, काय करताय?”

“आता दाखवा,” अमरसिंग म्हणाला. “आता खरं हाय.”

रात्री ते दाखवलंच गेलं. ‘देवदूत की सैतान?’ या प्रश्नावर चार माणसं तासभर भांडली. त्यांतल्या एकानेही बोरी अरब पाहिलेलं नव्हतं.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला. “माणसाचा हात मोडला याचं वाईट वाटते साहेब. डब्ब्याचं नाही वाटत.” वकील कपाळावर हात मारून बसला. पुढची तारीख पडली, जामिनासाठी कोण उभं राहणार असा पुकारा झाला. रुक्माबाईने इकडेतिकडे पाहिलं. मागच्या बाकावरून रामधन उठला. पुढचे दोन दात नसल्यामुळे त्याला स्वतःचं नाव दोनदा सांगावं लागलं.

परतीच्या एसटीत तिघं एकाच बाकावर बसले. दारव्हा मागे पडलं. मग रामधन अमरसिंगच्या उजव्या कानाशी वाकला.

“त्यानं काही म्हटलं होतं काय रे? जातानी?”

अमरसिंगने खिडकीबाहेर कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाटीची शेतं पाहिली.

“नाही. तोंड हालत होतं. पण गोंधळ लय होता. मले ऐकू नाही आलं.”

रामधनने मान हलवली. मग तो पुढच्या सीटच्या दांड्यावर डोकं टेकवून बोरी येईपर्यंत रडला आणि अमरसिंगने त्याच्या पाठीवर हात ठेवला.