निरोपाचा रीटेक

पडदा वर गेला आहे, पण नाट्यगृह रिकामं आहे. भर दुपारी रंगमंचाच्या मधोमध एक गिटारवाला गायक डोळे पुसतोय, तीन कॅमेरे त्याच्यावर रोखलेले. आणि वर, लाइटच्या खोलीत, आमचे अंधारमामा संशयाने बघताहेत.

मामा या रॉक बँडचे पहिल्यापासूनचे लाइटवाले. नाटकवाल्यांनाही त्यांनी उजेड दिला, आणि मला, त्यांच्या हाताखालच्या मदतनिसालाही दिला. प्रवेश संपताना अंधार असा करायचे की टाळी आपोआप पडायची. म्हणून हे नाव. आता गुडघे बोलायला लागले होते. एका शाळेच्या सभागृहात बसून करायचं काम चालून आलं होतं, पण शाळेला उत्तर त्याच रात्री हवं होतं. बँड खरंच थांबत असेल तर हो म्हणायचं. नसेल, तर पोरांना सोडून कसं जायचं?

बँडचा याआधी दोनदा निरोप घेऊन झाला होता. मामी म्हणायच्या, "जावयासारखं आहे यांचं. निघतो म्हणून चप्पल घालतात आणि दारात उभे राहून चहा मागतात."

या वेळच्या निरोपावर माहितीपट निघत होता. दिग्दर्शक बाई खालून ओरडल्या, "छान! फक्त रडणं जरा उशिरा. पुन्हा एकदा!"

गायक पुन्हा रडला. अगदी तसाच.

"बघितलंस?" मामा मला म्हणाले. "निरोपालाही रीटेक. हा कुठला जातोय!"

संध्याकाळी निरोपाच्या कार्यक्रमाला नाट्यगृह खच्चून भरलं. ठरलेली खूण अशी होती: शेवटचं गाणं संपलं की गायक तळहात वर करणार आणि मामा अंधार करणार. गाणं संपलं. हात वर गेला. मामांनी बटणाला हातच लावला नाही.

"मामा, अंधार!" मी कुजबुजलो.

"थांब. उजेडात मला नीट बघू दे त्याला."

हात वरच राहिला. दुपारी दोनदा रडलेला माणूस आता रडेना. ओशाळं हसला. गिटार काढली, आणि ती कुठे ठेवायची तेच त्याला सुचेना. शेवटी ड्रमवाला उठून आला आणि म्हाताऱ्या बापाला रस्ता ओलांडून न्यावं तसं कोपर धरून त्याला आत घेऊन गेला. तेव्हा कुठे मामांनी उजेड हळूहळू उतरवला.

कानातल्या यंत्रातून बाईंचा आवाज आला, "मामा, अंधाराला उशीर झाला! लोक गेले की परत घेऊ या का?"

"तो आता येणार नाही, बाई," मामा म्हणाले. यंत्र काढून ठेवलं आणि घरी फोन लावला.

"शाळेला हो म्हणून सांग. आणि हे बघ, गायकाचा फोन आला, तर मी घरी नाही."