मागच्या दाराबाहेरचं पान

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. त्या काळातली एक तलवार घरात उरली आहे आणि एक रीत. खंडेनवमीला तलवारीची पूजा झाली की मटण-भाताचं पहिलं पान मागच्या दाराबाहेर ठेवायचं, आतून कडी लावायची आणि सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. पान कोणासाठी, तर "त्याच्यासाठी." सासूबाईंनी याहून जास्त सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पंगत खोळंबली होती. सकाळी पान चाटूनपुसून साफ असायचं. गल्लीत कुत्री भरपूर, त्यामुळे मला कधी कोडं पडलं नाही.

मुलगी इथेच बंगळुरात, हेब्बाळला, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. नोकरी अजून कच्ची होती. तिला एका मायावी प्राण्याची पूर्वकथा लिहायला दिली होती, तो कुठला, असा कशाने झाला वगैरे. दोन कथा वरच्यांनी नाकारल्या. तिसरी पडली असती तर नोकरी गेलीच. मग तिने आमचं पान उचललं आणि उरलेलं रचलं.

दोघे भाऊ लढाईला जातात. धाकटा जखमी होतो. थोरला त्याला रानात टाकून परततो आणि तो मेला म्हणून सांगतो. पण धाकटा मरत नाही. रान त्याला केस देतं, नखं देतं आणि बोलणं काढून घेतं. वर्षातून एकदा तो घरी येतो. थोरला दार उघडत नाही, बाहेर पान ठेवतो.

कथा पास झाली, नोकरी पक्की झाली. खंडेनवमीला तिने ती कौतुकाने आजोबांना सांगितली. सासरे तलवारीला तेल लावत होते. हातातलं फडकं थांबलं.

"पुट्टी, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, आजोबा. सुम्ने, उगाच आपलं मनानेच रचलं."

"धाकटा होता, हेही मनानेच?"

ती हसायची थांबली. सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, "त्या गेममध्ये लोक त्याला जेवायला घालतात ना?"

"अय्यो आजोबा, मारतात! दार उघडायचं आणि मारायचं."

"काढून टाक ते."

"आता काढलं तर नोकरी जाईल माझी."

सासरे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "मामंजी, खेळ आहे तो. पूजेला उशीर होतोय."

ते जेवले नाहीत. मी पान ठेवलं, कडी लावली.

सकाळी दार उघडलं तर पान जसंच्या तसं. रश्श्यावर चरबी थिजली होती. गल्लीतली कुत्री कुंपणापलीकडे बसून पानाकडे बघत होती. मी हाक मारली, तरी एकही आत आलं नाही.

पान कचऱ्यात टाकलं. गेम येत्या संक्रांतीला बाजारात येतोय, त्यामुळे मुलीला काही बोलले नाही. सुताराला बोलावून मागच्या दाराला दुसरी कडी बसवून घेतली.