स्लाइडमधून काढलेले मजूर

"हे कुली काढून टाक," दादा म्हणाले.

मार्च २०२१. लॉकडाऊन. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत मी आयटीत होते. दादा पुण्याचे, आमचे टीम लीड. सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाच्या ऑनलाइन कार्यक्रमात आमच्या टीमनं अमेरिकेतली रेल्वे बांधणाऱ्या आयरिश मजुरांवर बोलायचं होतं. त्यात मी त्याच रेल्वेवर राबलेल्या चिनी मजुरांची एक स्लाइड घातली होती.

त्याला कारण होती मेई. आमच्याच कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची, माझ्याच घरात शेजारच्या खोलीत राहायची. तिच्या पणजोबांचे वडील त्या रेल्वेवर गेलेले. बर्फात डोंगर फोडून बोगदे खणणाऱ्यांत ते होते. गावाकडे परत आलंच नाही कोणी. घरात फक्त नाव उरलं. ते नाव मी स्लाइडवर लिहिलं होतं.

कॉलवर आम्ही पाचजण, सगळे मराठी. दादा पुढे म्हणाले, "आत्ता चायनाचं कोण ऐकणार? आणि हमालांचं कसलं कौतुक? तुझे बाबा रेल्वेत ना? विचार त्यांना, रेल्वे साहेब चालवतात की गँगमन!"

सगळे हसले. मीही हसले.

माझा बाप गँगमन. भुसावळला रुळांच्या दुरुस्तीवर तीस वर्षं घण आणि पहार. मे महिन्यात रूळ तापले की चपलेचं रबर खडीला चिकटायचं. आयर्लंडमध्ये मी सांगायचे, "बाबा रेल्वेत आहेत." तेवढंच. आडनाव ऐकून ज्यांना जे कळायचं ते कळायचंच. तरी मी साहेबाची मुलगी व्हायला धडपडत होते.

स्लाइड काढली.

संध्याकाळी मेईनं विचारलं, "त्यांचं नाव नीट लिहिलंस ना?"

"काढलं."

"का?"

आदल्या वर्षी बस स्टॉपवर एक माणूस तिला "कोरोना" म्हणून तिच्या जॅकेटवर थुंकला होता. मी शेजारीच उभी होते.

"बस स्टॉपवरही तू दोन पावलं बाजूला सरकली होतीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. खोलीत गेली, दार लावलं.

मी किचनमध्येच बसून राहिले. लहानपणीचं आठवलं. नव्या लाइनचं उद्घाटन होतं. बाबांनी मला मुद्दाम नेलेलं. फोटोची वेळ झाली तसा एक साहेब ओरडला, "ए, मळके कपडेवाले, शेडच्या मागे व्हा." रूळ टाकणारे सगळे शेडमागे गेले. बाबांच्या हातात माझा हात होता. आणि मला त्यांची लाज वाटली. साहेबाची नाही. त्यांची.

कार्यक्रमात मी स्लाइड परत लावली. मेईच्या पूर्वजाचं नाव मोठ्यानं वाचलं. मी म्हणाले, "रेल्वे पुरी झाल्यावर फोटो काढले, त्यात हे लोक जवळजवळ दिसतच नाहीत. माझा बापही गँगमन. त्यालाही फोटोतून हाकललं होतं." कॅमेरा चालू ठेवला.

दादांचा मेसेज आला: "हे प्रोफेशनल नव्हतं. तुझ्या प्रमोशनचं पुढच्या वर्षी बघू."

मेई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. ते बरोबरच आहे. एका स्लाइडनं मी सुटत नाही.

पण आता कोणी विचारलं बाप काय करायचा, तर गँगमन म्हणते आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघते. नजर वळवायची असेल तर त्यानं वळवावी. मी वळवणार नाही.